रंग उतरेपर्यंत

३ मार्च
आले एकदाची! महिनाभराची रजा मागितली तेव्हा आगारातल्या साहेबांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. बस कंडक्टर टीव्हीवर झळकणार म्हटल्यावर नाकाला मिरच्या झोंबल्या. कार्यक्रम सोपा आहे. मी या रंगाऱ्यांच्या घरात सून म्हणून राहायचं आणि इथली सून माझ्या घरी. लेक सहा वर्षांची, पण जीभ माझ्यावर गेलीय, त्या बाईची काही खैर नाही.

घरात सासूबाई आणि जाऊ. अंगणात निळ्या रंगाने भरलेली हौदाएवढी कढई, वर दोऱ्यांवर ओले तागे. खिळ्याला रबरी हातमोजे लटकत होते. जाऊ म्हणाली, घालून घ्या. दिग्दर्शक हसला. मग मी कसली घालते! कोपरापर्यंत हात बुडवले. त्याने टाळ्या वाजवल्या.

१० मार्च
आज दिग्दर्शकाची चांगलीच खरडपट्टी काढली. घरी सोड म्हटलं तर म्हणतो, निरोपाच्या दृश्यात हात आले तेव्हा होते तसेच स्वच्छ दिसले पाहिजेत, रंग उतरला की गाडी बोलावतो. रंग उतरायला काम थांबवावं लागतं, आणि काम थांबवलं की ताट येत नाही. साबण झाला, राख झाली, वीट घासून झाली. तीन दिवस उपाशी राहून कढईला शिवले नाही, तरी निळा रंग दंडापर्यंत चढलाय.

१६ मार्च
जाऊ बोलली शेवटी. ती शाळेत शिक्षिका होती. महिन्यासाठी आली होती. सासूबाई तिच्याही आधीच्या, नर्स. या घरात रंगारी कोणीच नाही.

तळपायाची आग मस्तकात गेली. घरी फोन लावून द्या म्हणून थयथयाट केला, तर दिग्दर्शकाने पडद्यावर माझं घर दाखवलं. ती बाई लेकीची वेणी घालत होती, हातात लांब मोजे. लेक तिला आई म्हणाली. मी पाट उचलून पडदा फोडला. हलकटाने तेही टिपून घेतलं.

१९ मार्च
कोठीत कोंडलंय. रंग गळ्यापर्यंत. सासूबाई दाराबाहेरून म्हणाल्या, इथून पुढे फार त्रास होत नाही, आधीचं आठवत नाही ना.

मेल्यांनो, मी विसरणारी नाही. माझ्या बसचे थांबे ओळीने म्हणून पाहिले. बाजार, दवाखाना, पाण्याची टाकी, शाळा, मग — शाळेनंतर —

२१ मार्च
गाडी आली. माझ्यासाठी नाही.

खिडकीतून दिसतंय. लेक उतरली. नवा फ्रॉक. प्रेक्षकांना म्हणे मायलेकींची भेट हवी होती. दिग्दर्शक तिला कढईपाशी नेतोय. सांगतोय, आई कशी करत होती, दाखव बरं. जाऊने मोजे पुढे केले — नको म्हणाली. माझीच पोर, नकोच म्हणणार.

बाही वर सारतेय —

दार धडाधडा वाजवलं. "अगं ए" म्हणून ओरडले. वळत नाही. इथे सगळेच ओरडतात. नावाने हाक मारली की लगेच वळते ती, तिचं नाव —

तिचं