स्टॉपवॉचसमोर आप्पा

आप्पा, आज पुन्हा तुमच्यावर चिडले आहे, म्हणून लिहायला बसले. तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली, माझेही केस पिकले, पण राग काही म्हातारा होत नाही. आज माझ्या वर्गातली मुलं प्रोजेक्टसाठी एका कारखान्यात जायला निघाली. मॅनेजमेंट शिकणाऱ्या मुलांनी कारखान्यात जाऊन पाहायचं, मोजायचं आणि मालकाला सल्ला द्यायचा, हा आमच्या शिक्षणातला जुना प्रकार. एकीच्या हातात स्टॉपवॉच होतं. ते पाहिलं आणि माझ्या मस्तकात तिडीक गेली. काय गरज होती हो तुम्हाला? कोणी सांगितलं होतं?

सिन्नरकडचं गाव सोडून तुम्ही सातपूरच्या कारखान्यात पॉवर प्रेसवर लागलात, तेव्हा मी शाळेत होते. पत्रा आत सरकवायचा, पायाने पायडल दाबायचं, वरून धाडकन ठोका, तुकडा उचलायचा, लगेच दुसरा पत्रा. हात निघायला जरा उशीर झाला की बोटं गेली. खात्यात अर्ध्या बोटांची माणसं कमी नव्हती. तुमची मात्र सगळी शाबूत, आणि त्याचा तुम्हाला कोण माज! तेच हात घरीही तसेच चालायचे. भाजीत मीठ कमी पडलं की ताट भिंतीवर. भावाला तर एकदा पट्ट्याने असं फोडून काढलंत की शेजारच्या बाईने दार वाजवलं, तर तुम्ही तिच्याही अंगावर धावलात. आणि हाच माणूस माझ्या मॅनेजमेंट डिप्लोमाची फी भरून आल्यावर साऱ्या कॉलनीला सांगत सुटला, "माझी पोरगी साहेबांना अक्कल शिकवणार हाय."

ऐंशी साल उलटून थोडाच काळ झाला होता. आमच्या गटाला प्रोजेक्ट मिळाला तो नेमका तुमच्याच कारखान्यात, तुमच्याच खात्यात. एका तुकड्याला किती वेळ लागतो, ते स्टॉपवॉचने मोजायचं. आदल्या संध्याकाळी आई भाकरी थापत होती आणि तुम्ही ओट्याला टेकून उभे होतात.

"घड्याळ तुझ्याच हातात ऱ्हाणार ना?"

"हो. पण आप्पा, रोजच्यासारखंच करायचं. मी आहे म्हणून घाई करायची नाही."

"मला शिकवती व्हय गं?"

हसत होतात तुम्ही.

दुसऱ्या दिवशी तुम्ही डोक्याला तेल लावून, इस्त्रीचा शर्ट घालून मशीनवर उभे. मी बटण दाबते आणि तुम्ही सुटता. बाप रे! पत्रा, ठोका, तुकडा, पत्रा, ठोका, तुकडा. हात दिसतच नाही. माझ्या गटातली मुलं टाळ्या वाजवतात, तसे तुम्ही आणखी वेग घेता. शेजारच्या मशीनवरचा तुमचा दोस्त, रोज तुमच्या डब्यातलं कालवण खाणारा, दातओठ खात म्हणतो, "गड्या, हळू घे. मारशील आम्हाला." तुम्ही ऐकता कुठे? लेक बघते आहे ना!

मी कागदावर स्पष्ट लिहिलं होतं की हा वेग नेहमीचा नाही, दिवसभर कुणालाही झेपणार नाही. आमच्या सरांनी ती ओळ खोडली आणि कागद त्याच दुपारी मालकाच्या टेबलावर ठेवला. मी भांडले, तर म्हणाले, "कारखान्याने आपल्याला आत घेतलं हेच खूप. पुढच्या वर्षी प्रोजेक्ट हवाय की नको?" लगेचच खात्याला नवा कोटा लागला. सगळ्यांनी दिवसभर तुमच्या त्या वेगाने माल काढायचा. त्या घाईत एकाचं बोट गेलं. त्याच संध्याकाळी शिफ्ट सुटल्यावर खात्यातल्याच माणसांनी तुम्हाला गेटबाहेर धरलं. सायकलवरून खाली ओढलं. चेन, लोखंडी पट्ट्या, लाथा. उजवा हात रस्त्यावर दाबून धरला आणि त्यावर बूट मारले. "लय चालतो ना ह्यो हात? चालव आता!" मारणाऱ्यांत तो दोस्तही होता.

सिव्हिल हॉस्पिटलमध्ये तुम्ही ओळखू येत नव्हतात. कानातून रक्त, मनगट टम्म सुजलेलं. पोलीस आला तेव्हा मी म्हणाले, नावं मी देते. तुम्ही पडल्या पडल्या डाव्या हाताने माझ्या थोबाडीत मारलीत, अख्ख्या वॉर्डासमोर. "आपल्याच माणसांची नावं देती? मला त्यांच्यातच बसून डबा खायचा हाय." मी इतकी पेटले होते की उलट हात उचलला असता. कसला डबा आणि कसलं काय! कॉलनीत तुम्हाला कुणी जय भीम करेना. नळावर बाया आईला पाणी भरू देईनात. नवा कोटा उतरल्याशिवाय तुम्हाला त्या माणसांत जागा नव्हती, आणि त्या माणसांशिवाय तुम्ही जगला नसतात, हे मला कळत होतं. म्हणूनच जास्त चीड येत होती.

युनियनने काम बंद पाडलं. शेवटी मालक म्हणाला, ठीक आहे, तोच माणूस, तेच मशीन, तीच पोरगी, पुन्हा मोजा. प्लास्टर निघाल्यावर तुम्ही आलात. सगळ्यांसमोर बोटं मिटून-उघडून दाखवलीत. "हात बेस हाय, साहेब." सगळं खातं भोवती उभं. कुणी तुमच्याशी एक शब्द बोलत नाही. मी बटण दाबते. पत्रा. ठोका. तुकडा. चारचौघांच्या, रोजच्या चालीने. घाम तुमच्या हनुवटीवरून पत्र्यावर गळतो आहे. सुपरवायझर ओरडतो, "नाटक करतो का भाड्या? लेकीसमोर कामचोरी?" आणि फाडकन तुमच्या कानाखाली. त्याच कानाखाली, आप्पा. माझ्या अंगाची लाही झाली. मला वाटलं, आता हा माणूस त्याचा जीव घेणार. तुम्ही मान खाली घातलीत आणि पुढचा पत्रा सरकवलात.

मग जे झालं ते झालं. तुमच्या त्याच दोस्ताने सुपरवायझरला कॉलर धरून मशीनवर आपटलं. ऑफिसच्या काचा फुटल्या, मालक मागच्या दाराने पळाला, आमचे सर टेबलाखाली शिरले. मी त्या राड्यातही आकडा लिहिला आणि या खेपेला कागद सरांकडे न देता युनियनच्या पुढाऱ्याच्या हातात कोंबला. जुना कोटा परत आला. तुम्ही पुन्हा त्यांच्यात डबा खायला बसलात, आणि कुणीतरी न बोलता तुमच्यापुढे कांदा फोडून ठेवला, हे तुम्हीच घरी येऊन सांगितलंत. सांगताना आवाज चढवून बोलत होतात, नाहीतर रडला असतात.

ही हकीकत मी दरवर्षी मुलांना सांगते. माझ्या वडिलांनी सगळ्यांसाठी मुद्दाम हात आवरला, असं सांगते. तुम्हीही शेवटपर्यंत असंच सांगत राहिलात, छाती पुढे काढून. पण तुमच्या सगळ्यांत जवळ त्या दिवशी मी उभी होते, आप्पा. दर तुकड्याला ते मनगट कसं लटपटत होतं, ते मला दिसत होतं. तुम्ही हात आवरलात, की त्या हातात तेवढंच उरलं होतं? तुम्ही असताना विचारायचं मला धाडस झालं नाही. हे पत्र कुठे टाकायचंच नाही, म्हणून लिहून ठेवते. मला तर, हातात तेवढंच उरलं होतं, हेच खरं वाटतं. आणि उद्या मुलं कारखान्यातून परत आली की मी त्यांना, तुम्ही हात आवरलात, असंच सांगणार आहे.