कणकेवर घेतलेलं माप

९ जून, गुरुवार
फिजिक्सच्या सरांची गाडी आज खोलली. इंजिनाचं वरचं झाकण, हेड, तापून वाकलंय. ऑइल बघायला वेळ नाही, पण व्हॉल्व्ह कसा उघडतो ते मलाच समजावून सांगणार. क्लासमध्ये पहाटे पाचला पहिली बॅच, शनिवार-रविवार नांदेडच्या शाखेत. लातूर-नांदेड गाडीवरच. "एसटीनं जावा की सर." म्हणाले, "एसटीत झोप लागते हो."
हेड लेथवर दिलं.

११ जून, शनिवार
लेथवाल्यानं हेड जास्तच घासलं. म्हणजे ते खाली बसणार, व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येणार. माप घेणं आलं. हमीदचाचांनी, माझ्या उस्तादांनी शिकवलेलं: पिस्टनच्या डोक्यावर शाडूची चकती, हेड आवळायचं, हातानं इंजिनाचे दोन फेरे, परत खोलायचं. व्हॉल्व्हनं दाबलेल्या जागी माती किती जाड उरली, तेवढी फट.
डबा उघडला तर शाडूचा दगड झालेला. नळाला आठ दिवसांनी पाणी, मातीला कोण पाजणार. भिजवायची तर उद्यावर गेलं असतं. सर स्टुलावर, सारखं घड्याळ. दुपारी नांदेडला बॅच.
समोरच्या हॉटेलातून कणकेचा गोळा आणला, चकती ठेवून हेड आवळलं, फेरे दिले. तेवढ्यात सरांनी चहा सांगितला. चहा पिऊन हेड खोललं, मोजलं. दोन मिलिमीटर. पुरे.
सर खूष. "कणकेवर इंजिन! पोरांना सांगतो."
चाचा इथं असते तर... असो.

२६ जून, रविवार
काल सर पडले. लोह्याच्या अलीकडं, सरळ रस्त्यावर. पुढं ना ट्रक ना म्हैस. नांदेडला दवाखान्यात आहेत. डावा पाय गुडघ्याखाली काढला.
हॉटेलवाल्यानं सांगितलं. शटर ओढून घरी आलो. जेवलो नाही.

२९ जून, बुधवार
सरांचा मेहुणा गाडी टेम्पोत घालून आला. "नीट करून ठेवा. इकून टाकू."
विचारलं, कसं झालं.
"कसं काय, झोपले! सोताच म्हणून राहिलेत, डोळा लागला आसंल म्हणून. बहीण बोलंना त्यांच्याशी. लई येळा सांगितलं व्हतं तिनं, जीव जाईल म्हणून."
क्लासवाल्यांनी चौकातल्या बोर्डावरनं सरांचा फोटोही काढला. डुलक्या घेणारा मास्तर कोणाला पाहिजे.
मेहुणा गेल्यावर किक दाबून बघितली. हलत नाही. इंजिन जाम. वर पोतं टाकलं.

१ जुलै, शुक्रवार
पोतं तसंच. पडल्यामुळंही जाम झालं असेल. होतं का असं? नाही होत. पण खोललं नाही तोवर मला काही माहीत नाही, ही एक सोय.
आईला कणकेच्या मापाचं सांगितलं. ती अजून उशाशी पेल्यावर पेला रचून झोपते, जमीन हलली तर आवाज व्हावा म्हणून. भूकंपाला बारा वर्षं होत आली. ऐकून घेतलं. म्हणाली, "तुजा बाप बी म्हणला व्हता, भीत दिवाळी झाल्यावर बघू."
बाप भूकंपात त्याच भिंतीखाली गेला. आई पेले रचत बसली. मी ओसरीत येऊन बसलो.

३ जुलै, रविवार
खोललं.
एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह मोडलाय. पिस्टनच्या डोक्यावर अर्धा चंद्र उमटलाय, नख रुतेल एवढा खोल. मोडका तुकडा आत अडकला. मागचं चाक जागीच थांबलं असणार. सरांना सावरायला वेळच मिळाला नसेल, झोपेचा संबंधच नाही.
मग कणीक आणली, दाबली, मोजली. चहा पिऊन येऊन परत मोजली. जाडी वाढलेली. फुगते ती, म्हणजे खरी फट दोन मिलिमीटरहून कमी. शाडू दाबला तसाच राहतो.
एवढंच होतं.

५ जुलै, मंगळवार
हमीदचाचांकडं गेलो. आता त्यांना दिसत नाही. पिस्टन हातात दिला, अंगठ्यानंच ओळखलं.
"मिट्टी से लिया था?"
"कणकेनं."
"आटा उठता बेटा. बोला था तेरे कू."
बोलले होते. मी तेव्हा हसलो होतो. आम्हा मायलेकरांना भूकंपानंतर ह्या माणसानं घरात घेतलं, हातात पाना दिला. आज त्यांच्यासमोर मान वर होईना.
"किस-किस कू मालूम?"
"तुम्हाला. आईला."
पिस्टन परत दिला.

७ जुलै, गुरुवार
पिस्टन भंगारात टाकला, नवा बसवला, की विषय संपला. मेहुणा विचारणारही नाही. दिवसभर हेच डोक्यात. लिहिताना लाज वाटते, पण खरं आहे. हे बाहेर गेलं तर गॅरेजला कोण येणार? आईला काय घालू?

९ जुलै, शनिवार. नांदेड
सकाळची एसटी. पिस्टन रुमालात. लोह्याच्या अलीकडं बाहेर बघायचं नाही ठरवलं होतं. बघितलं.
सर भिंतीकडं तोंड करून. वहिनी मोसंबी सोलत होत्या. मला "या" म्हणाल्या. सरांकडं न बघताच त्यांच्यापुढं फोड धरली.
पिस्टन सरांच्या हातात दिला. मास्तर माणूस, सांगावं लागलं नाही. खुणेवरून बोट फिरवलं. परत फिरवलं.
"कणीक?"
"हाव सर. माप चुकलं. माझं चुकलं."
म्हणाले, "म्हणजे मी झोपलो नव्हतो." मला नाही, स्वतःलाच. मग मोठ्यानं, "अगं, मी झोपलो नव्हतो!" आणि हुंदके द्यायला लागले. अख्खा वॉर्ड बघतोय. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर सोसल्या असत्या. हे सोसवेना.
वहिनींनी मला पहिल्यापासून सांगायला लावलं. सगळं सांगितलं, चहासकट. त्यांनी पिस्टन परत रुमालात बांधला, पण मला दिला नाही. आपल्या पिशवीत ठेवला. सरांच्या कपाळावर हात ठेवला, तिथंच राहू दिला.
माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "माजा भाऊ चार वाजता यायलाय. त्याला बी हेच सांगा. तवर भायेर बसा. जाऊ नका."
बाकावर बसून लिहितोय. सव्वाचार झाले. आत दोघं बोलतायत. लातूरची एसटी साडेचारला आहे. मेहुणा अजून आला नाही.