माझ्या नावचा नारळ

आणि दादा, परत लिहितो, दिनकरभाऊंमुळे आपला संघ हरतो हे मला मान्य नाही. त्यांच्यामुळे हरत नाही, असंही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. तू मागच्या पत्रात मला "दोन्हीकडून बोलणारा" म्हणालास. बरं, असेन.

तर मी, हरीश लक्ष्मीकांत म्हात्रे, वय सव्वीस, जिल्हा कुलाबा (आता रायगड म्हणतात), सध्या कुवेतमध्ये मीना अब्दुल्लात वेल्डर, हे शुद्धीवर राहून लिहितो. कोणी दम दिलेला नाही, दारू पाजलेली नाही, ती इथे मिळतही नाही. रविवारी हर्नियाचं ऑपरेशन आहे. विश्वास म्हणतो त्यात कोणी मरत नाही. तो इस्पितळात रक्त तपासतो, त्याला माहीत असेल. पण पोटाला सुरी लागायच्या आत लिहिलेलं बरं.

१. घरातला माझा हिस्सा आईला. तिच्यामागे दादाला. पडवीतली खाट मात्र दादाला नाही, तो तिच्यावर मासे वाळवतो.

२. पोस्टातले पैसे आईचे. टेपरेकॉर्डर दादाला, म्हणजे मी राग धरला नाही हे कळेल.

३. माझे पाने अशरफला. तो खोलीतला जोडीदार, न विचारता नेतोच.

४. आता मंडळाचा नारळ. होळीला कबड्डी मंडळात प्रत्येक खेळाडूच्या घरचा एक नारळ येतो. कोच ठेवायचा तर त्याच्या हातात द्यायचा, नको तर त्याच्या पायाशी जमिनीवर ठेवायचा. जमिनीवर जास्त झाले की कोचने, म्हणजे दिनकरभाऊंनी, पाडव्याच्या आत मंडळाची खोली सोडायची. त्यांना दुसरं घर नाही.

माझी चूक अशी, की सहावी मॅच गेल्याचं कळल्यावर रागात दादाला लिहिलं, "माझा नारळ जमिनीवर." मग झोप येईना, म्हणून आईला लिहिलं, "माझा नारळ भाऊंच्या हातात." आता दोघं माझ्या नावाने एकेक नारळ घेऊन येतील आणि गाव म्हणेल, कुवेतवाल्यांना दोन मतं का?

काल शुक्रवारी अबू हलीफातल्या आमच्या खोलीत यावरून जेवण थंड झालं.

अशरफ म्हणाला, "सहा मॅच हरला रे तो! आमच्या रत्नागिरीत असता तर कवाच घरी बसवला असता."

विश्वास म्हणाला, "चढाई करणारे तिघं कुठायत? इथे पाईप जोडतायत. हरवलं कोणी, हरीशराव?"

"मग पोरं तयार करायची ना नवी!"

"तुझी डाळ तरी नीट होते का दर वेळी?"

दोघांचं खरं वाटलं, तीच पंचाईत. मला कुवेतला जा म्हणणारे भाऊच. मी म्हटलं, "भाऊ, संघाचं काय?" तर म्हणाले, "संघाचं मी बघतो. तू आईचं बघ." बघतो म्हणाले आणि हरतायत. ही चूक त्यांची की माझी, मला अजून कळत नाही.

म्हणून दोन्ही पत्रं रद्द. माझा नारळ एकच, आईने आणायचा आणि भाऊंच्या हातात द्यायचा. ते पुढच्या वर्षी जिंकतील म्हणून नाही. मला तसं वाटत नाही. कशाला म्हणून, ते जगलो तर कळवीन. दादाने आपला स्वतःचा नारळ हवा तिथे ठेवावा, भांडण नाही.

साक्षीदार: अशरफ इब्राहिम मुकादम (सही करताना म्हणाला, "नारळाशी मी सहमत नाय, खाली लिही." लिहिलं.)
विश्वास गोविंद सबनीस, लॅब टेक्निशियन

सही: ह. ल. म्हात्रे
अबू हलीफा, कुवेत. २५ फेब्रुवारी १९८४

सोबत आईच्या नावे ड्राफ्ट आहे. हे पैसे नवा कोच आणायला म्हणून साठवले होते, दादाला माहीत आहे. ते भाऊंना द्यावेत, खोली गेली तर भाड्याला, राहिली तर संघातल्या पोरांच्या दुधाला. चाळीस दिनार, रुपये तेराशे ऐंशी.