भिंतीतलं भोक

५ जाने., सोम.
व्हिसा महिनाअखेर संपतोय. सुपरवायझरने बोलावून सांगितलं, "तावडेकाका, हिवाळ्यात एसीची कामं नाहीत. ऑफिस विचारतंय, छप्पन्न वर्षांच्या माणसाला ठेवायचं कशाला?" काका म्हणतो आणि घरी पाठवायला बघतो. म्हटलं, काम द्या, मग बोला. त्याने बुदैया गावातल्या एका व्हिलाचा कागद पुढे सरकवला. हीटर पेटवायचा. इटलीचा, लाकडाचा भुसा दाबून केलेल्या कांड्यांवर चालणारा. तिघे जण हात टेकून आलेत. "पेटला तर तुमचं नाव वर पाठवतो."
चोवीस वर्षं या आखाती देशात माणसांना गार करतोय. आता गरम करून दाखवतो.

६ जाने., मंगळ.
बुदैया. संगमरवरी फरशी, मोज्यांतूनही पाय काकडले. घरात म्हातारी एकटी, हज्जिया म्हणतात तिला. हीटर मुलाने पाठवलाय, तो तिकडेच, इटलीत असतो. हिच्या गुडघ्यांवर दोन ब्लँकेटं. जुनी हिंदी येते तिला. "तुम एसीवाला, आग कैसे करेगा?" म्हटलं, करेगा.
हीटर जागेवर होता, धुराचा पाइप भिंतीतून बाहेर काढलेला. सांधे तपासले. पाइपच्या खाली आणखी एक भोक, मुठीएवढं, नुसतंच उघडं. जुन्या एसीच्या पाइपचं असणार. धूळ, पाली, गारठा, सगळं आत. फोम मारला, वर सिलिकॉन, बोटाने गुळगुळीत केलं. आधीच्या तिघांना एवढंही दिसू नये!
कांड्यांचं पोतं गॅरेजात उघडं पडलेलं. दमट हवेने पुन्हा भुसा झालाय. नवीन मागवलं.

७ जाने., बुध.
टाकी भरली. पहिल्या वेळी कांड्या ढकलणारा आतला स्क्रू रिकामा असतो, त्या खाली यायला वेळ लागतो. म्हणून मूठभर हातानेच जळायच्या वाटीत टाकल्या. बटण. दहा मिनिटांत ज्योत. हज्जिया म्हणाली, "माशाल्ला." हीटरच्या नव्या रंगाचा वास येणार होताच, खिडक्या सताड उघड्या ठेवल्या. वास गेल्यावर लावून घेतल्या.
आणि तिथून बिनसलं. ज्योत लांब, लाल, सुस्त. काच काळी. कांड्या कमी केल्या, पंखा वाढवला, फरक शून्य. हज्जिया खोकायला लागली, सिर भारी है म्हणाली. बंद केला, तिला धरून बाहेर अंगणात आणली. थोड्या वेळाने बरं वाटलं तिला. मला नाही.

८ जाने., गुरु.
सुप.चा फोन. "सोडा काका. शीटवर मशीन डिफेक्टिव्ह लिहा, सही करा, खलास. तुमच्यावर काही येत नाही."
"आणि माझं नाव वर?"
"इंशाल्ला."
आपल्या माणसाच्या तोंडून इंशाल्ला आलं की समजायचं, नाही. शीट घडी करून खिशात ठेवली. सही केली नाही. करणार नाही.

९ जाने., शुक्र. सुट्टी
हीटरचं पुस्तक रूमवर आणलंय. शुभांगीचा घरून फोन. "काय ओ, जेवलात? करताय काय?" वाचतोय म्हटलं. "तुम्ही?" आणि हसत सुटली.
इंग्रजी फारसं झेपत नाही, चित्रं बघतोय. हीटरच्या पाठीमागून भिंतीत दोन पाइप. एकावर बाण बाहेर. दुसऱ्यावर बाण आत.
आत.
म्हणजे हवा. म्हणजे ते भोक. खिडक्या उघड्या होत्या तोवर ज्योत चांगली होती, तेव्हाच कळायला हवं होतं. एसीवाल्याची जात. भोक दिसलं की हात सिलिकॉनच्या गनकडे जातो. तिघांना नावं ठेवत होतो. लाज वाटली. म्हातारीला काही झालं असतं तर…

११ जाने., रवि.
स्वतःचंच काम स्वतः फोडलं. भोक मोकळं, पाइप जोडला, बाहेरून जाळी. खोलीत विषारी गॅसची घंटा लावली. पेटवला. आता उलटं, ज्योत बुटकी, पांढरट, कांड्या वाटीतून उड्या मारतायत. पंखा दोन घरं खाली, कांड्या एक घर वर. मग जमलं. वीतभर पिवळी ज्योत, चपळ. काच स्वच्छ. खिडक्या लावून दोन तास समोर बसलो.
हज्जियाला सांगून टाकलं. "दीवार का छेद मैंने बंद किया था. आपका सिर उसी से भारी हुआ." ती म्हणाली, "वो तीन आदमी कुछ नहीं बोला, भाग गया. तुम बोला." आणि गुडघ्यांवरचं एक ब्लँकेट काढून बाजूला ठेवलं.

१२ जाने., सोम.
सुप. म्हणाला, "पेटला ना? मग जुना फॉल्ट काढला एवढंच लिहा. भोक तुम्हीच बुजवलंत हे लिहिलं तर ऑफिस तेच धरून बसेल." पोटतिडकीने सांगत होता. वाईट नाही तो.
तरी लिहिलं. भोक मी बुजवलं होतं, मीच उघडलं, पुन्हा कुणी बुजवू नये. उद्या दुसरा एसीवाला तिथे जाईल, त्याचाही हात गनकडे जाईल. खाली सही, पूर्ण नाव. ठेवायचं तर असा ठेवा.
शुभांगीला सांगितलं. "मग येताय का घरी?" आनंदाने विचारलं की काळजीने, कळलं नाही.

१५ जाने., गुरु.
ऑफिस गप्प. हज्जियाने सुप.ला फोन करून मलाच मागितलं, छेदवाला भेजो म्हणाली. वाटीत राख साठली होती, बाकी काही नाही. रोज गार झाल्यावर काढायची, शिकवलं. भोकाशेजारी मार्करने लिहिलं, बंद करू नये. इंग्रजीत, मोडक्या हिंदीत आणि मराठीतही.
सोळा दिवस उरले. निघताना ती म्हणाली, "अगले साल भी तुम आना. इंशाल्ला."
म्हटलं, आऊंगा. इंशाल्ला तिने म्हटलं, मी नाही.