पक्षी तेवढा स्पष्ट आहे

१४ नोव्हेंबर

प्रिय वहिनी,

तू आणि छकुली बऱ्या असाल. मी ठीक आहे. सकाळी बंदराच्या कचेरीत जाऊन आले. येताना दूध, पाव आणला. दुपारी गॅसवाला सिलिंडर बदलून गेला. शेजारच्या काकू तुझी चौकशी करत होत्या.

दादाचा जो कॅमेरा कोळ्यांच्या जाळ्यात सापडला, त्यातून फोटो निघाले, हे तुला फोनवर सांगितलंच. तू म्हणालीस, नीट बघ, मागे एखादा खडक, दीपस्तंभ, काहीतरी असेलच, तो कुठे उभा होता ते कळेल. कचेरीतले साहेबही तेच म्हणाले होते. एवढ्या लांब किनाऱ्यावर अंदाजाने किती शोधणार, जागा दाखवा, पाणबुडे उतरवतो. म्हणून आज मी सगळे फोटो छापून घेऊन गेले.

सगळे उडत्या कुरव पक्ष्यांचे आहेत. पाण्यालगत जाणारे, वळणारे, सूर मारणारे. एकाच्या चोचीत मासा आहे, त्या माशाचा डोळासुद्धा दिसतो. पण मागे नुसत्या आडव्या रेघा. करड्या, हिरवट, पांढऱ्या. खडक असला तरी रेघ, झाडं असली तरी रेघ.

त्याची पद्धतच ती. पक्ष्याबरोबर कॅमेरा फिरवायचा, म्हणजे पक्षी तेवढा स्पष्ट येतो आणि बाकी सगळं फरफटतं. हे जमायला त्याला कित्येक वर्षं लागली. सुरुवातीला उलटं व्हायचं, किनारा स्वच्छ आणि पक्ष्याच्या जागी डाग. तू म्हणायचीस, डागांचं प्रदर्शन भरवा. तोही हसायचा. आज तसा एक बिघडलेला फोटो हवा होता. एकही नाही. छापून देताना दुकानदार म्हणाला, "ताई, हात काय बसला होता हो त्यांचा." त्याने कौतुकानेच म्हटलं.

एका फोटोत रेघांमध्ये काळपट पट्टा होता. मी म्हटलं, हा जुना धक्का असेल. साहेबांनी एका म्हाताऱ्या नावाड्याला बोलावून दाखवलं. तो फोटो खिडकीपाशी नेऊन बराच वेळ बघत राहिला.

"बाई, धक्का म्हणा, होडी म्हणा. हो म्हणायला माझं काय जातंय? पण उद्या सगळे तिथे उतरतील, आणि तुम्ही काठावर उभ्या राहाल."

मग त्याने फोटो परत दिला. मी तो पिशवीत ठेवला.

हे फोनवर सांगायला जमलं नसतं म्हणून लिहिते आहे. शोध थांबवला, वहिनी. आजपासून. घरच्या कुणाची तरी सही लागत होती, ती मी केली. तुला विचारलं नाही. तू नको म्हणाली असतीस, आणि मग मलाही नको म्हणावंसं वाटलं असतं.

छकुलीला काय सांगायचं ते तू ठरव. मला सुचत नाही. इकडे यायची घाई करू नकोस. फोटो सोबत पाठवत नाही, आलीस की बघ. वाटलं तरच.

नळाचं पाणी आता जाईल. सकाळचं एक ताट आणि पेला पडून आहे, तेवढं घासून घेते.

अजूनही तुझीच,
नणंद