दोन्ही आवाज सारखे ठेवावेत

मी, खाली सही करणारी, गाण्यांचं ध्वनिमिश्रण करून पोट भरलेली अविवाहित बाई, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहिते. डॉक्टरीणबाईंनी मला तपासलं आहे. मी रागात आहे, भ्रमात नाही. कानही शाबूत आहेत. हे मुद्दाम लिहिते, कारण माझा थोरला भाऊ चारचौघांत मला 'बहिरी' म्हणतो.

१. राहतं घर, मागची रेकॉर्डिंगची खोली आणि तिथली यंत्रं माझ्या वहिनींना, म्हणजे याच भावाच्या बायकोला, मिळावीत. दादाचा त्यांवर कसलाही हक्क नाही. खोलीचं कुलूप मी बदललं आहे.

कारण लिहून ठेवते. दादा आणि वहिनींनी मिळून एक अल्बम केला. मिश्रण माझं. दोघांचे आवाज मी सारखे ठेवले. अंतऱ्यात वहिनींचा जरा पुढे, कारण तिथे चाल त्याच पेलत होत्या. मग माझं ऑपरेशन झालं. मी दवाखान्यात असताना दादाने या खोलीत शिरून वहिनींचा आवाज वाद्यांच्या मागे ढकलला, स्वतःचा वर चढवला आणि अल्बम बाजारात आणला. मिश्रणाखाली नाव मात्र माझंच.

पाहुण्यांसमोर गाणं लागलं तेव्हा वहिनींनी विचारलं, यात मी कुठे आहे? दादा म्हणाला, "बहिरीला विचार. तिनेच तुला खाली घेतलं." वहिनींनी माझ्याशी बोलणं टाकलं आणि गाणंही टाकलं. खरं सांगायला गेले, तर दादाने मला दारातूनच परत पाठवलं.

२. मूळ रेकॉर्डिंग, प्रत्येक आवाज वेगळा असलेलं, वहिनींचं. माझ्या आताच्या आजारपणाचं कळल्यावर त्या भेटायला आल्या, तेव्हा त्यांच्या एकटीचा आवाज मी त्यांना ऐकवला. खुर्चीच्या कडेवर बसून त्यांनी तो शेवटपर्यंत ऐकला. म्हणाल्या, "वन्सं, इतकी वर्षं मी तुम्हाला शिव्या घातल्या."

"आता शिव्यांचा पत्ता बदला," मी म्हटलं.

३. बँकेतली शिल्लक मूळ मिश्रण प्रसिद्ध करण्यासाठी वापरावी. दोन्ही आवाज सारखे ठेवावेत. सूडापोटी दादाचा आवाज खाली घेऊ नये. तो बरा गातो, हे मला नाइलाजाने मान्य आहे.

४. खोलीतल्या यंत्रांपैकी फक्त भिंतीजवळचे मोठे स्पीकर दादाला द्यावेत. मोठं वाजलं की चांगलं, अशीच त्याची समजूत आहे. माझ्या शोकसभेत त्याने गाऊ नये. बोलायचंच असेल तर माइकशिवाय बोलावं. मी त्याला माफ केलं, असं कोणी माझ्या नावावर खपवू नये.

५. अंमलबजावणी आमच्या व्हायोलिनवाल्या काकांनी करावी. ते दादाला भीत नाहीत.

वहिनी आता दुपारी गायला येतात. काल नवं गाणं रेकॉर्ड करताना मध्येच थांबून म्हणाल्या, "माझा आवाज थोडा वर घ्या." मी घेतला.

"अजून," त्या म्हणाल्या.

सगळं स्वतः लिहिलं, पुन्हा वाचलं, एक शब्दही मऊ केला नाही. म्हणून सही करते.

(सही) वहिनींची नणंद

साक्षीदार, दोघांच्या देखत सही झाली:
(सही) डॉक्टरीणबाई
(सही) शेजारचे शिंपी

स्थळ: घरामागची रेकॉर्डिंगची खोली
दिनांक: आजचा, सहीशेजारी माझ्या हाताने घातलेला