नावं मागाहून

३ फेब्रुवारी १९७४, रविवार

पाच महिने वहीला हात लावला नाही. माफी कुणाकडे मागायची? वहीकडेच मागतो. बदलीची धावपळ होती हे खरं. कंटाळा होता हे जास्त खरं.

परवा आखाडा बाळापूरला रुजू झालो. गाव आवडलं. खोली स्वच्छ आहे, आड दारातच आहे, शेजारच्यांनी न मागता भाकरी पाठवली. दप्तरखाना म्हणजे एक लांब खोली, दोन खिडक्या आणि एक मांडणी. तिच्यावर निजामाच्या वेळेपासूनच्या जमिनीच्या फाइली, माणसागणिक एक. कव्हरांवरची नावं उर्दूत आहेत. ती कव्हरं काढून मराठी नावांची घालायची, एवढंच माझं काम. मला उर्दू येत नाही. वाचून दाखवायला साठीला टेकलेले एक शिपाई आहेत. त्यांनी पहिल्या दिवशी नाव सांगितलं होतं, पण सारं गाव मामू म्हणतं, म्हणून मीही मामूच म्हणतो. चहा छान करतात. त्रेचाळिसाव्या वर्षी असं निवांत काम मिळालं, बरं वाटलं.

पद्माचं पत्र माझ्या आधीच येऊन पडलं होतं. "अहो, जेवणाची हयगय करू नका." अठरा वर्षांत तिनं माझं नाव एकदाच घेतलं, लग्नात, उखाण्यात. तेही ढकलून ढकलून.

७ फेब्रुवारी, गुरुवार

मामूंची नजर अधू आहे. ते अक्षरं लावत नाव वाचणार, मी लिहिणार, मग जुनं कव्हर सोडायचं, नवं बांधायचं. एका फाइलीला अर्धा तास जातो. तीन दिवसांत माझी पाठ गेली. म्हणून आज युक्ती केली: आधी सगळ्यांना नुसते आकडे, नावं मागाहून. दुपारपर्यंत एकशे बारा नवी कव्हरं चढली. मांडणीच्या टोकाला माझी स्वतःची रुजू झाल्याची फाइल होती, तिलाही ११२ पडला.

मामूंना पटलं नाही. "साहेब, नाव काढलं की लगेच नाव घालावं लागते. माणूस रिकामा ठेवू न्हाई." मी हसलो. जुन्या कव्हरांचा ढीग पायांत येत होता. चुलीत घाला म्हणालो. त्यांच्यावरच चहा झाला. नावं आतल्या कागदांवर आहेतच की.

संध्याकाळी जळबा नावाचा एक बोलघेवडा माणूस नक्कल मागायला आला. म्हणाला, "नाव लिहून घ्या साहेब, न्हाईतर उद्या म्हणाल, कोण तू?" घेतलं लिहून: जळबा. फाइल सत्तेचाळीस.

१२ फेब्रुवारी, मंगळवार

तो नक्कल न्यायला आला. रिवाज म्हणून नाव विचारलं. म्हणाला, "सत्तेचाळीस."

मामूंनी टोमणा मारला, "काहून रे, जेलातून सुटून आला का?" तो हसला नाही. त्याला थट्टा कळलीच नाही असं वाटलं. तेवढ्यात लिंबाखाली बसलेल्या त्याच्या आईनं, भागूबाईनं, हाक दिली, "ए सत्तेचाळीस, तुझी बिडी इथंच ऱ्हायली की!"

१४ फेब्रुवारी, गुरुवार

खिडकीशी सात माणसं आली. सातांनी सात आकडे सांगितले.

फाइली उघडल्या. आतल्या कागदांवर, अंगठ्यांशेजारीसुद्धा, आकडेच आहेत. शाई जुनीच, तपकिरी. मामूंनी भिंग लावून पाहिलं आणि भिंग खाली ठेवलं.

दोष कुणावर ढकलू? आकडे घाला असा हुकूम नव्हता. घाई माझी.

सत्तेचाळीस कोण होता ते मलाही आठवेना. ही वही चाळली. सापडला. कव्हरावर लिहिलं: जळबा.

१५ फेब्रुवारी, शुक्रवार

भागूबाई रस्त्यानं ओरडत चालली होती, "जळब्या, मुडद्या, थांब की!" ती शिवी ऐकून डोळ्यांत पाणी आलं.

म्हणजे उपाय आहे. मामूंनी चाळीस वर्षं ही कव्हरं झटकली आहेत. कोणती फाइल कुणाची, ते त्यांना पाठ आहे. ते सांगतील, मी लिहीन. त्यांची स्वतःचीही फाइल मांडणीत आहे, तेविसावी. म्हणाले, "माझं शेवटी घ्या. माझं मला पाठ हाय." मीही माझी मागे ठेवली. चूक माझी, आधी लोकांची नावं.

१८ फेब्रुवारी, सोमवार

एकोणसाठ झाली. मामू थकलेत. दोन नावांमध्ये फार वेळ जातो. मधूनच माझ्याकडे बघतात, काही विचारायचं असल्यासारखं.

१९ फेब्रुवारी, मंगळवार

एकशे दहा. शेवटचं लिहून मी म्हणालो, मामू, आता तुमचं.

त्यांनी तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं.

त्यांच्या घरी गेलो. मदीनाबी, त्यांची बायको, पदर ओढून म्हणाली, "आमी तर अजी म्हणतो. नाव कसं घ्यावं मर्दाचं?" शेजारी म्हणाले, मामू.

वही चाळली. मामू, मामू, मामू. पहिल्या दिवशी त्यांनी सांगितलं होतं. मी लिहिलं नाही —

२० फेब्रुवारी, बुधवार

आज विचारलं तर शांतपणे म्हणाले, "तेवीस."

माझी फाइल समोर घेतली. कव्हरावर लेखणी टेकवली. हात हलेना — हात नव्हे — लिहायचं काय ते —

पद्माच्या पत्राचं पाकीट काढलं. तिच्याच अक्षरात, श्री. ११२, दप्तरखाना. या वहीचं पहिलं पान, तिथंही. माझ्याच अक्षरात.

खिडकीतून कुणीतरी विचारलं, साहेब, तुमचं नाव काय? मी लगेच सांगितलं. अडखळलोही नाही. त्यानं मान डोलावली आणि "बरं, एकशे बारा साहेब" म्हणून निघून गेला.

उद्या: पद्माला पत्र टाकणे. लग्नातला उखाणा लिहून पाठव म्हणावं.